सेंद्रिय संत्राबाग टिकेल का, हे कसं तपासशील?

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

वरूड, मोर्शी, काटोलकडच्या सेंद्रिय संत्राबागांची पाहणी तुझ्याकडे आली, हे वाचून फार आनंद झाला. प्रमाणपत्र आहे म्हणजे बाग टिकणार, असं धरून मात्र निघू नकोस. बंदी असलेलं काही वापरलं नाही, एवढंच ते सांगतं. दर बहाराला बाग जमिनीतून, विहिरीतून आणि घरातून जेवढं उचलते तेवढं परत जातं का, हे तुला शोधायचं आहे.

सुरुवात खतापासून कर. ६ बाय ६ मीटरवर एकरी साधारण ११० झाडं बसतात. एक टन संत्री बाहेर गेली की त्यासोबत सुमारे दीड किलो नत्र आणि अडीच किलो पालाश जातं. एकरी ८ टन माल निघाला तर १२ किलो नत्र, २० किलो पालाश. आता खत काय देता, ते विचार. बरेच जण आधी जीवामृताचं नाव घेतात. तिथेच वहीवर हिशेब मांड: १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो बेसन, २ किलो गूळ. २०० लिटरच्या अख्ख्या ड्रमात नत्र पाव किलोच्या आसपास, म्हणजे एकरभर टाकल्यावर झाडाच्या वाट्याला जेमतेम दोन ग्रॅम. जिवाणूंसाठी ते जरूर द्यावं, पण झाडाचं पोट त्याने भरत नाही. मोठ्या झाडाला वर्षाला ५० किलो कुजलेलं शेणखत आणि साडेसात किलो निंबोळी पेंड पाहिजे. म्हणजे एकरी साडेपाच टन शेणखत. त्यासाठी तीन-चार जनावरांचं वर्षभराचं शेण लागतं, म्हणून बागेआधी गोठा बघ. खत ट्रकने विकत येत असेल तर ती दुसऱ्या कुणाच्या शेताची सुपीकता आहे, आणि हात आखडला की शेतकरी पहिल्यांदा खतच कमी करतो.

पानांचे नमुने फळ नसलेल्या फांदीवरून घे: सहा ते आठ महिन्यांची, शेंड्याकडून दुसरं ते चौथं पान. नत्र १.७ टक्क्यांच्या खाली आलं तर झाड उपाशी आहे. मातीचा नमुना बुंध्याशी घेऊ नकोस, घेराच्या कडेला पहिल्या फुटातली माती घे. सेंद्रिय कर्ब एका वर्षात हलत नाही. जुना अहवाल असेल तर मागून घे.

पाण्याच्या बाबतीत वरूड-मोर्शीत सवलत देऊ नकोस. हा पट्टा डार्क झोनमधला, उपसा पुनर्भरणाहून जास्त. आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांचा) धरलेल्या मोठ्या झाडाला मे महिन्यात ठिबकने रोज दीडशे लिटरच्या घरात पाणी लागतं, एकराला साडेसोळा हजार लिटर. पंपाच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम ठेव नि घड्याळ लाव. चार मिनिटांत भरला तर ताशी ३,००० लिटर, म्हणजे साडेपाच तास पंप चालला पाहिजे. बोअर तेवढा वेळ टिकतो का, ते उभं राहून बघ. मृग बहाराला (जून-जुलैच्या फुलांना) मे महिन्यात ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं असल्याने हा भार हलका होतो, पण मग सगळं जूनच्या पावसावर. दोन्ही बहार एकाच झाडावर धरलेले दिसले तर वहीत तांबडी खूण कर.

डिंक्या आणि मूळकूज हे बुरशीचे रोग या बागांचे जुने वैरी. बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) पावसाळ्याआधी आणि नंतर लावणं योग्यच. पण बोर्डोच्या फवारण्या मोज. एक टक्का मिश्रण झाडाला १० लिटर धरलं तर हेक्टरी सुमारे २८ किलो मोरचूद जातं. त्यातलं पाव तांबं, म्हणजे एका फवारणीत ७ किलो. युरोपात सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा आहे. तांबं मातीतून जात नाही, गांडुळं कमी करतं. दुहेरी आळं (पाणी बुंध्याला लागू न देणारं), जमिनीपासून वीतभर वर असलेला कलमाचा जोड आणि पावसाचं पाणी काढणारे चर नसतील, तर फवारण्या वाढत जाणारच. मेलेल्या झाडांच्या जागा आणि नांग्या ओळीओळीने मोज, शेतकऱ्याच्या अंदाजावर जाऊ नकोस.

फळगळही मोजावी लागेल. इतर बागांत गळ रोखायला वापरतात ती संजीवकं (वाढीची रसायनं) सेंद्रिय बागेत चालत नाहीत, त्यामुळे अन्न नि पाणी चुकलं की गळ थेट दिसते.

पैशाचा हिशेब तीन वर्षांचा घे. रूपांतराचा काळ तेवढाच असतो आणि त्यात माल घटतो, भाव मात्र साधाच मिळतो. पुढेही व्यापाऱ्याने उभी बाग ठेक्याने घेतली तर सेंद्रिय माल इतरांच्याच कॅरेटमध्ये जातो. म्हणून किती माल स्वतः विकला, चुरीचं (बारीक फळांचं) काय झालं, ते वेगळं लिही. बांगलादेशने आयात शुल्क वाढवलं तेव्हा साऱ्या पट्ट्याचा भाव पडला होता. तसं वर्ष पुन्हा आलं तर घर तग धरेल का, तेही तपास. घरच्या माणसांची मजुरी धरल्याशिवाय नफा लिहू नकोस, विशेषतः निंदणात नि शेणखत पसरण्यात जाणारे बायकांचे दिवस.

अहवाल वरिष्ठांकडे देण्याआधी शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून त्याला आकडे वाचून दाखव. खताचा आणि पाण्याचा आकडा चुकला असेल तर तो तिथल्या तिथे सांगेल.

तुझा,
काका