शेड बांधण्याआधी

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि ते तू एकमेकांत गुंतवून टाकले आहेस. एक, माळावरच्या एकरात ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी झपाट्यानं वाढवायच्या कोंबड्यांची शेड घालावी की नाही. दुसरा, रविवारी चुलीवर कोंबडीचा रस्सा उकळायला लागला की तुझं मन तिकडंच धावतं, मग अशा माणसानं कोंबड्यांच्या हालाबद्दल बोलावं तरी का. दुसऱ्याचं आधी सांगतो. बहुतेक लोक तिथंच अडकतात, ‘आपण कुठं धुतल्या तांदळाचे’ म्हणतात आणि पहिला प्रश्न सोडून देतात.

ओढ लागते याची लाज धरू नकोस. माणूस लाखो वर्षं अर्धपोटी भटकला. गोड लागलं ते पिकलेलं फळ होतं, चरबी मिळाली की पुढचे काही दिवस निभत होते, आणि समुद्रापासून लांब राहणाऱ्याला मीठ तर नशिबानंच मिळायचं. ज्यांच्या जिभेला या गोष्टी हव्याशा वाटल्या ते तगले. आपण त्यांचेच वंशज. 1908 साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री वनस्पतीच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि खारट-गोड-आंबट-कडू यांच्यापलीकडची एक चव त्यात आहे असं दाखवलं. तेच ग्लुटामेट आईच्या दुधात भरपूर असतं. रश्शाची तोंडभर पसरणारी ती चव आपल्याला अंगावर पीत असल्यापासून ओळखीची आहे.

आता एक कर. आई वाटण करते तेव्हा शेजारी उभी राहा आणि नीट बघ की. कांदा तव्यावर कडेनं काळवंडतो, सुकं खोबरं तांबूस होतं, मग तीळ, खसखस, लसूण. वास गल्लीच्या टोकाला पोचतो. तुझ्या तोंडाला पाणी सुटतं तेव्हा कोंबडी अजून पातेल्यात पडलेलीसुद्धा नसते. भाजताना साखर आणि प्रथिनातली आम्लं एकमेकांत मिसळून शेकडो वास तयार होतात. फ्रान्सच्या लुई-कामिय मायार यांनी 1912 साली या क्रियेचं वर्णन केलं. भाकरीच्या पापुद्र्याचा वास त्यातलाच. उलट ब्रॉयलरचा तुकडा नुसता मिठात उकडून खाऊन बघ. 40 दिवसांच्या पाखराला स्वतःची चव ती किती असणार? आपण ज्याच्यासाठी जीव टाकतो त्यातलं बरंचसं वाटणात, तेलात, मिठात असतं, आणि घरची सगळी माणसं एका पंगतीला बसली आहेत यात असतं. ती ओढ भागायला दोन फोडी पुरतात. रोज पाव किलो लागत नाही.

आपल्याकडं या ओढीला वेळकाळ होता. लक्ष्मीची यात्रा, खंडेनवमी, पाव्हणे आले तर. सोमवार, एकादशी, श्रावण पाळला जायचा, माळकऱ्यांच्या घरात तर विषयच नाही. आता बेळगावातून कुठल्याही रस्त्यानं बाहेर पड, खानापूरकडं जा की संकेश्वरकडं, कोपऱ्याकोपऱ्यावर जाळीच्या पिंजऱ्यात पांढरी पाखरं दाटून बसलेली दिसतात. जुनी ओढ आणि रोज, स्वस्तात, दारात मिळणं, या दोन्हींची गाठ पडली ती गेल्या पन्नासेक वर्षांत. ती पाखरं जिथून येतात त्या शेडबद्दल आता सांगतो.

पाखरं पाच आठवड्यांची झालेल्या शेडमध्ये मी जनावरांचा डॉक्टर म्हणून नोकरीत असताना पुष्कळदा शिरलो आहे. आधी अमोनिया डोळ्यांत जातो. खाली भाताचं तूस, ते ओलं होऊन थिजलेलं. पाखरं बसूनच असतात. एक उचलून उलटं केलं की छातीवरची पिसं झडलेली दिसतात आणि टाचेवर काळा चट्टा असतो, ओल्या तुसावर बसून बसून भाजल्याचा. हृदय आणि पाय मांसाच्या वेगानं वाढत नाहीत, म्हणून काही लंगडतात, काहींच्या पोटात पाणी होतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं 1957 सालची कोंबडीची जात आणि 2005 सालचा ब्रॉयलर सारख्याच खाद्यावर वाढवून बघितले. 56 दिवसांत जुनी जात 905 ग्रॅमची झाली, नवी 4 किलो 200 ग्रॅमची. एवढं वजन दुखण्यासकट त्याच्या रक्तातच घातलेलं आहे, औषधानं ते जात नाही. यांच्या आयांना तर पोटभर खायलाही देत नाहीत, कारण पोटभर खाल्लं तर त्या वजनानंच मरतील.

अंड्याच्या कोंबडीचं आणखी वेगळं. पिंजऱ्यात एकीच्या वाट्याला ए-फोर कागदाहूनही कमी जागा येते. कोंबडीला माती उकरायची असते, धुळीत लोळायचं असतं, अंडं घालायला आडोसा हवा असतो. तुमच्या परड्यातली जवारी, म्हणजे गावठी कोंबडी दिवसभर हेच करते. पिंजऱ्यात यातलं काहीच होत नाही, पंखसुद्धा पसरत नाहीत. आणि त्या जातीचे नर अंडीही देत नाहीत, अंगानंही भरत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी मारले जातात. आपल्या देशात 1960 पासून प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा आहे. हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर ठेवणं त्याच्या 11 व्या कलमात गुन्हा आहे. 2017 साली विधी आयोगानं आपल्या 269 व्या अहवालात कोंबड्यांचे हे पिंजरे बंद करा असं सांगितलं. पिंजरे अजून आहेत.

यावर तुझी शिक्षिका मैत्रीण काय म्हणेल ते मला माहीत आहे. सरकारी शाळेत दुपारी मुलांना उकडलेलं अंडं मिळतं, न खाणाऱ्याला केळं. ज्या पोराच्या घरी डाळीला पाणी जास्त असतं त्याच्या अंगाला ते अंडं लागतं. ते काढून घ्या असं मी कधीही म्हणणार नाही. ते अंडं पिंजऱ्याबाहेरच्या कोंबडीचं असावं आणि त्याचे जादा पैसे सरकारनं मोजावेत, एवढंच माझं म्हणणं.

दुसरी एक गोष्ट ठाम सांगतो, कारण आपल्या भागात हा विषय लगेच जातीपातीवर जातो. हालाची जबाबदारी फक्त मांस खाणाऱ्यांवर टाकू देऊ नकोस. म्हशीला रेडकू झालं की त्याचं पुढं काय होतं ते गोठ्यागोठ्यांतून बघितलंय मी. त्याच्या वाटचं दूध डेअरीला जातं आणि ते दावणीलाच वाळत जातं. चहा पिणाऱ्या प्रत्येक घराचा त्याच्याशी संबंध आहे. कापणंच मान्य नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याचा मी मान राखतो. पण यात्रेला बकरं कापणारा धनगर त्याला वर्षभर माळावर फिरवतो. माझ्या लेखी शेडचा हिशेब त्याहून फार वाईट आहे.

आता तुझ्या शेडचं. माझं मत विचारलंस तर करू नकोस.

ही शेड कंपनीशी करार करून चालवायची. त्या करारात कंपनी पिल्लं, खाद्य, औषध देते. शेड, वीज, पाणी, तूस, मजुरी तुमची, बँकेचा हप्ताही तुमचाच. पाखरं तुमची कधीच नसतात. किलोमागं दर मिळतो आणि एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला किती खाद्य लागलं तो हिशेब बिघडला, मर वाढली की तो कापला जातो. पुढची बॅच कधी टाकायची ते कंपनी ठरवते. बाजार पडला तर शेड रिकामी आणि हप्ता चालू. तुझ्यासारखीला वाटेल, आपण थोडी कमी पाखरं ठेवू, जरा मोकळी ठेवू. किलोमागच्या त्या दरात ते बसत नाही. माझ्या ओळखीचे शेडवाले दुष्ट नाहीत, रात्री पंखा बंद पडला तर जीव मुठीत धरून जनरेटर शोधत पळणारी माणसं आहेत. दया करायला त्यांच्या हातात काही ठेवलेलंच नाही. म्हणून गावातल्या शेडवाल्याला तोंडावर काही बोलू नकोस, आणि घरी पंगतीत भाषण तर मुळीच नको.

करायचंच असेल तर काजूच्या बागेत शे-दीडशे पाखरं सोड. जवारी घे, नाहीतर बेंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली गिरिराज. रात्रीला मजबूत खुराडं हवं, मुंगूस आणि रानमांजर सोडत नाहीत. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यातच दे, ती चुकली तर एका रात्रीत खुराडं मोकळं होतं. पैसा हळू येईल, ब्रॉयलरएवढा पहिल्या वर्षी दिसणार नाही, हे बाबांना आधीच सांग. पण चोर्ला घाटातून गोव्याला जाणारा माल बघ, जवारी कोंबडीला आणि अंड्याला तिथं चांगला भाव आहे.

कंपनीनं दिलेल्या कराराची झेरॉक्स मला पाठव. कन्नडमध्ये असला तरी चालेल. दर कशावर कापतात आणि शेड रिकामी राहिली तर काय मिळतं, ही दोन कलमं मी वाचून फोन करतो. तोवर बाबांना कुठंही सही करू देऊ नकोस.

तुझे,
डॉक्टरकाका