वाचक विचारतात : जादूच्या राज्यात पूल किती दिवसांत उभा राहील?

प्रश्न : मी एक कल्पनारम्य कादंबरी लिहीत आहे. त्यातील राजा सुमारे दोनशे मीटर रुंद नदीवर दगडी पूल बांधण्याचा हुकूम देतो. कारागिरी मध्ययुगीन आहे, मात्र दरबारी चार जादूगार आहेत. पहिल्या खर्ड्यात मी हा पूल एका हिवाळ्यात पूर्ण केला. तो वाचून एका मित्राने हसण्यावारी नेले. वाजवी कालावधी किती धरावा?

उत्तर : मित्राचे हसणे अर्धेच बरोबर आहे. एका हिवाळ्यात नदीवर पूल नक्की होतो, फक्त तो दगडी नसतो. इ. स. पूर्व 55 मध्ये ज्यूलियस सीझरने ऱ्हाईन नदीवर लाकडी पूल बांधला, तो लाकूड गोळा करायला सुरुवात केल्यापासून दहा दिवसांत. हा आकडा त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे, त्यामुळे त्यात थोडी बढाई धरायला हरकत नाही. पलीकडे अठरा दिवस काढून तो परतला आणि तोच पूल त्याने मोडून टाकला. तुमच्या राजाला केवळ सैन्य उतरवायचे असेल, तर दगडाचा हट्ट कशाला?

दगडी पुलाचे गणित मात्र निराळे आहे. लंडनचा जुना दगडी पूल 1176 मध्ये सुरू झाला आणि 1209 मध्ये पूर्ण झाला. एकोणीस कमानींना तेहेतीस वर्षे, म्हणजे एका कमानीला सरासरी पावणेदोन वर्षे लागली. काम हाती घेणारा पीटर ऑफ कोलचर्च 1205 मध्येच वारला. उलट रोमन सम्राट ट्रेजनने डॅन्यूबवर एक किलोमीटरहून लांब पूल, वीस दगडी खांब आणि त्यांवर लाकडी कमानी अशा रचनेचा, 103 ते 105 या काळात उभा केला. फरक कशाचा? रोमनांकडे पाण्याखालीही घट्ट होणारा चुना होता, आणि एकाच हुकमाने राबणारे सैन्य होते. पैसा आणि शांतता हाही साहित्याचाच भाग समजावा : पॅरिसचा ‘पाँ नफ’ 1578 मध्ये सुरू झाला, यादवी युद्धामुळे मध्ये कित्येक वर्षे रखडला आणि 1607 मध्ये खुला झाला.

आता तुमच्या नदीकडे येऊ. वीस-वीस मीटरचे आठ गाळे आणि पाच-पाच मीटर जाडीचे सात खांब धरले, तर नदी जवळपास पार होते. पहिले वर्ष खाण उघडणे, चुन्याच्या भट्ट्या लावणे आणि लाकूड तोडून वाळवणे यांत जाईल. पाया मात्र नदी ओसरलेली असतानाच घालता येतो. जिथे खांब हवा तिथे लाकडी खुंटांची दुहेरी रांग गोलाकार ठोकायची, दोन रांगांमध्ये चिकणमाती ठासून भरायची, आतले पाणी रात्रंदिवस उपसायचे आणि उघड्या पडलेल्या गाळात आणखी खुंट ठोकून त्यांवर घडीव दगडांचे थर रचायचे. राजाने दहा हजार मजूर पाठवले, तरी त्या खड्ड्यात मावतील तेवढेच उतरणार. दोन टोळ्यांनी एका हंगामात दोन खांब पाण्याच्या वर आणले तर ते चांगले काम. म्हणजे सात खांबांना चार हंगाम. एखादा पूर अवेळी येऊन एक हंगाम बुडवणार, हेही धरून चाला.

त्यानंतर कमानी. त्यांना खालून लाकडी साच्याचा आधार लागतो, आणि खांब बारीक असेल तर शेजारची कमान पूर्ण होईपर्यंत हा आधार काढता येत नाही, कारण एका बाजूच्या रेट्याने खांबच कलंडेल. आधार काढण्याचा दिवस तुमच्या कादंबरीत जरूर घ्या. सुतार पाचरी एकेक करून सैल करतात, लाकूड कुरकुरते, सांध्यांतून चुन्याची भुकटी झरते, कमान बोटभर खाली बसते आणि थांबते. किंवा थांबत नाही. बोस्नियातील मोस्तार गावच्या पुलाचा स्थपती हैरुद्दीन याने या दिवसाच्या धास्तीने स्वतःची कबर आधीच खणून ठेवली होती, अशी दंतकथा आहे. एकच कमान असलेल्या त्या पुलाला 1557 ते 1566 अशी नऊ वर्षे लागली. पायांचे काम चालू असताना काठाकडच्या कमानी सुरू करता येतात, हे जमेस धरूनही तुमच्या पुलाला जादूविना आठ वर्षे द्यावीत.

आणि जादू? ती नेमकी कुठे वापरता यावर सारे अवलंबून आहे. जादूगार नुसते दगड उचलत असतील तर मजुरी वाचेल, वर्षे फारशी वाचणार नाहीत. पण त्यांनी खांबाभोवतीचे पाणी महिनाभर अडवून धरले आणि चुना एका रात्रीत घट्ट केला, तर आठ वर्षांची दोन होतील. वाल्मीकि रामायणातला सेतू या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. वानरांनी शंभर योजनांचे अंतर पाच दिवसांत भरून काढले. दररोजचा हिशेब चौदा, वीस, एकवीस, बावीस आणि तेवीस योजने असा आहे. रोज हात बसत गेल्यासारखा वेग वाढतो, हे मला विशेष आवडते. परंतु हे जमले त्याआधी समुद्राने स्वतःच ‘मी सेतू धारण करीन’ असे वचन दिलेले आहे. पायाचा प्रश्न तिथेच मिटला. उरली ती दगड आणि झाडे वाहण्याची हमाली, आणि हमाली माणसे वाढवून लवकर उरकते. वानर वाढवून तर नक्कीच.

म्हणून तुमच्या चौघांपैकी निदान एकाला तरी नदीशी बोलता येते असे ठरवा आणि त्याची ताकद दिवसाला किती तास टिकते ते आधी लिहून ठेवा. सहा तास टिकत असेल, तर उरलेले अठरा तास पाणी उपसणाऱ्यांचे. त्या हिशेबाने मी तीन वर्षे धरीन, आणि त्या जादूगाराला दुसऱ्या हंगामात तापाने अंथरुणाला खिळवीन.