पडद्यामागचे की काचेपलीकडचे?

प्रश्न असा आहे: मामा आकाशवाणीच्या एका केंद्रातून निवृत्त होत आहेत. सगळी नोकरी ध्वनिमुद्रण आणि प्रसारणाच्या यंत्रांवर गेली. मानपत्रात ‘पडद्यामागचे कलाकार’ लिहिलं, तर घरातल्याच कुणी तरी विचारलं, “रेडिओला कुठला पडदा?” मग ‘तांत्रिक’ लिहावं की ‘तंत्रज्ञ’?

‘तांत्रिक’ मात्र नको. मराठीत नाम म्हणून ‘तांत्रिक’ म्हटलं की लिंबू, राख आणि अमावास्या डोळ्यांपुढे येते. विशेषण म्हणून शब्द चालतो, पण त्याची संगत बघा: तांत्रिक बिघाड, तांत्रिक अडचण, तांत्रिक कारण. ‘तांत्रिक कारणांमुळे कार्यक्रम सुरळीत पार पडला’ असं कधी ऐकलंय? तीस वर्षं आवाज नीट पोचला तर त्याला शब्द नाही, तीस सेकंद गेला की लगेच आहे. (अशा वेळी लागणारा ‘व्यत्यय’ हाही जुना शब्द. संस्कृत व्याकरणात तो अदलाबदल, उलटापालट या अर्थी येतो. पाणिनीचं ‘व्यत्ययो बहुलम्’ हे सूत्र वैदिक भाषेतल्या अशा अदलाबदलीबद्दल आहे. खोळंब्याचा अर्थ नंतर चिकटला.)

‘तंत्रज्ञ’ बिनधोक आहे. ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे. त्यावरून तंतू, तंत्री आणि तंत्र. तंत्र म्हणजे मुळात माग किंवा मागावर ताणलेले उभे धागे, विणकर ज्याला ताणा म्हणतात ते. पुढे रचना, पद्धत, शास्त्र असा अर्थ पसरत गेला. ‘पंचतंत्रा’त आणि ‘स्वतंत्र’मध्येही तोच शब्द आहे. तंत्री म्हणजे वीणेची तार. तेव्हा तारेच्याच कुळातल्या या शब्दाने आपण रेडिओवाल्यांना ओळखतो आणि त्यांच्या विद्येला मात्र ‘बिनतारी’ म्हणतो, ही गंमत मला फार आवडते.

आता पडद्याची हरकत. ती बरोबर आहे, पण थोडी अपुरी. ‘पडदा’ फारसीतून आला आणि ‘पडद्यामागचे’ हा प्रयोग रंगभूमीचा. संस्कृत नाटकात त्या मागच्या जागेला ‘नेपथ्य’ म्हणत. ‘नेपथ्ये’ अशी सूचना आली की आवाज आतून येतो, बोलणारा दिसत नाही. आज मराठीत नेपथ्य म्हणजे रंगमंचावरची मांडणी, म्हणजे प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर असते तीच! जुन्या अर्थाने पाहिलं तर रेडिओ हे सगळंच नेपथ्य. निवेदकही दिसत नाही, मामाही दिसत नाहीत. निवेदकाचा निदान आवाज तरी ओळखीचा होतो.

टीव्हीवर आणखी एक घोटाळा आहे. कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्याला आपण ‘सूत्रसंचालक’ म्हणतो. सूत्र म्हणजे धागा, दोरी. खऱ्या दोऱ्या, म्हणजे केबली, कुठली कुठे जोडायची हे त्या बिचाऱ्याच्या हातात नसतंच. हा शब्द ‘सूत्रधारा’च्या वळणावर घडलेला, आणि सूत्रधार म्हणजे नाटकाचा चालक हे आपल्याला ठाऊक असतं. काही जण तो कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्यांशी जोडतात. पण सूत्रधाराचा दुसरा अर्थ आहे मापाची दोरी धरणारा, म्हणजे कारागीर, स्थपती. पंधराव्या शतकात मेवाडात राणा कुंभाच्या पदरी असलेला वास्तुशास्त्रकार ‘सूत्रधार मंडन’ म्हणूनच ओळखला जातो. आणि प्राकृतातल्या ‘सुत्तहार’च्या वाटेने हाच सूत्रधार मराठीत आला तो ‘सुतार’ होऊन. म्हणजे शब्द होता हत्यार धरणाऱ्याचा, मिरवतो माइक धरणारा! मामांना ‘सूत्रधार’ म्हटलंत तर व्युत्पत्ती तुमच्याच बाजूने आहे. मात्र वर्तमानपत्रांनी ‘कटाचा सूत्रधार’ इतका वापरलाय, की मानपत्रात तो शब्द नुसता नको. ‘आमच्या आवाजाचे सूत्रधार’ असं काही जोडून घ्या.

माझी स्वतःची पसंती वेगळ्याच शब्दाला आहे. एकदा भाषणाच्या ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओत बसलो होतो. समोर दुहेरी काच, किंचित तिरकी, आणि तिच्या पलीकडे यंत्रापाशी एक गृहस्थ. मी ‘प’ म्हणताना माइकवर फुंकर मारत होतो. त्यांनी नुसता तळहात मागे सरकवून दाखवला, मी वीतभर मागे सरलो, त्यांनी मान डोलावली. पुढची पंधरा मिनिटं मी श्रोत्यांशी नव्हे, त्यांच्या चेहऱ्याशी बोलत होतो. तिथे पडदा नव्हता, काच होती. बोलणाऱ्याला ते दिसतात, ऐकणाऱ्याला नाही. म्हणून ‘काचेपलीकडचे’.

मानपत्रात असं लिहिता येईल: ‘काचेपलीकडे बसून ज्यांनी इतरांचे आवाज घरोघरी पोचवले, त्या आमच्या मामांस.’ ‘कलाकार’ची गरज नाही, तंत्रज्ञाचा मान वाढवायला त्याला कलाकार म्हणावं लागतं, ही समजूतच मला खटकते.

आणि खाली ‘तांत्रिक साहाय्य’ असा उल्लेख येणार असेल, तर ‘सा’चा काना राहिलाय का ते बघा. ‘सहायक’ला एकच काना, तोही ‘हा’वर, ‘साहाय्य’ला मात्र दोन काने, छापखान्यात पहिला हमखास गळतो.