सर्व्हर चालू, पण कनेक्शन नाही

प्रश्न : ऑफिसात उबंटूवर नवीन पोस्टग्रेस (डेटाबेस सर्व्हर) टाकलंय, त्याच मशीनवर मस्त चालतं पण शेजारच्या पीसीवरून जोडायला गेलं की लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. पिंग होतंय. दोनदा रीइन्स्टॉल केलं, काय चुकतंय?

उत्तर : अहो, रीइन्स्टॉल कशाला, पोस्टग्रेस मुळात घरातल्यांशीच बोलतं! सर्व्हरवर 'एसएस' कमांडने पोर्ट बघा, ५४३२ (हा पोस्टग्रेसचा पोर्ट) च्या आधी १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हेच मशीन) दिसत असेल तर तो बाहेरचं ऐकतच नाहीये. पिंगचं काय घेऊन बसलात, ते फक्त मशीन जिवंत आहे एवढंच सांगतं. पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ फाइलमध्ये 'लिसन अ‍ॅड्रेसेस'ला लोकलहोस्टच्या जागी सर्व्हरचा आयपी टाका, ओळीच्या सुरुवातीचा हॅश (#) काढायला विसरू नका (निम्मे लोक इथेच अडकतात) आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा, नुसतं रीलोड इथे चालत नाही. मग बहुतेक 'पीजी एचबीए'मध्ये (कोणाला आत सोडायचं ते ठरवणारी फाइल) एंट्री नाही असा एरर येईल. आला तर खूश व्हा, म्हणजे दारापर्यंत पोचलात. त्या फाइलमध्ये फक्त ऑफिसच्या नेटवर्कची ओळ घाला, सगळ्या जगाला दार उघडू नका, याला रीलोड पुरतं. आणि रिफ्यूज्डऐवजी बराच वेळ लटकून टाइमआउट झालं, तर आधी फायरवॉल बघा.