दगडू, कचरू, धोंडू, नकुसा अशी नावं लोक का ठेवायचे?

तुम्ही विचारलंय की जुन्या लोकांना पोटच्या पोराला दगडू-कचरू म्हणताना काहीच वाटायचं नाही का. माझ्या आजोबांचं नाव कचरू होतं आणि आत्याचं नकुसा, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

आजोबांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे साधारण पाचातलं एक मूल वर्षाचं व्हायच्या आत जायचं, देवी, पटकी, ताप, काहीही कारण पुरायचं. मग आजोबा झाले तेव्हा पणजीने त्यांना सुपात घातलं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारच्या बाईने उचललं आणि पणजीने तिला शेरभर ज्वारी देऊन आपलंच पोर परत विकत घेतलं. म्हणजे हे आमचं नाहीच, टाकलेलं आहे, याला कोणाची नजर लागायचं कारण नाही. नाव कचरू. केरू, दगडू, धोंडू, भिकू ही बरीचशी याच भीतीतून आलेली, आणि मुलाचं नाक टोचून त्याला मुलगी भासवायचे त्यातून नथू. चीनमधे पण खेड्यात मुलाला 'कुत्र्याने उष्टं टाकलेलं' अशा अर्थाचं गौशेंग नाव ठेवायचे, कारण तेच, पोर वाचावं. त्यामुळे आजोबांना नावाची कधी लाज वाटली नाही, बँकेत कोणी हसलं तर ते सरळ सुपाची गोष्ट सांगायला बसायचे. आणि अशा नावाने कोणाचं काही अडलं नाही हो, महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो होतं, 1958 ला भारतरत्न मिळालं त्यांना.

पण नकुसाला कृपया या यादीत घालू नका, सगळे घालतात आणि मला ते फार लागतं. कचरू हवा होता म्हणून त्याला नको म्हटलं. नकुसा खरंच नको होती. आत्या चौथी मुलगी, हे नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो अशी समजूत, आणि ठेवणारे तेच आजोबा ज्यांना स्वतःला ज्वारी मोजून परत घेतलं होतं. हे मला अजून पचत नाही. आणि ही फार जुनी गोष्ट नाहीये, 2011 मधे सातारा जिल्ह्यात 285 नकुसांना समारंभ करून नवीन नावं दिली, त्यात शाळेत जाणाऱ्या मुली होत्या. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली निघाल्या, दहा वर्षं आधी 913 होत्या.

लग्नात तांदळात नाव लिहून बायकोचं नाव बदलायची पद्धत मला स्वतःला अजिबात पटत नाही. पण आत्या म्हणते तिच्या लग्नातला तोच क्षण तिला सगळ्यात आवडला, ताटात सुनंदा लिहिलेलं बघून ती रडली होती. शाळेच्या दाखल्यावर मात्र जुनंच राहिलं आणि त्यावरून आधारवर परत नकुसा आलं.

मागच्या वर्षी तिचा गॅझेटचा फॉर्म मीच भरला. कारणाच्या जागी मी 'विवाहामुळे' लिहिलं. तिने वाचायला लावलं आणि म्हणाली, असं नको, खोड ते, पहिलं नाव आवडत नव्हतं असं लिही.