फिश टँकच्या टेस्ट किटचं रीडिंग बरोबर येत नाही, काय चुकतं?

किट बहुतेक बरोबर असतं, चुकतो आपण. मी आठ महिने चुकलो.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडं. टँक छपरीत. थेंबांचं किट आणलं, नायट्रेट (माशांच्या घाणीतून, शेणमुतातून पाण्यात उतरणारा क्षार, शेवाळाचं खतच) दर रविवारी पिवळंधम्मक, म्हणजे शून्य. काचेवरचं शेवाळ मात्र थांबेना, गोल्डफिश तळाशी बसून राहायचा. मोठेबाबा येता-जाता म्हणत, "मासोई पान्यातच रायते, तिचं पानी काहून तपासतं बे?"

दिवाळीत पुतण्या आला, बीएस्सी केमिस्ट्रीवाला. "काका, दुसऱ्या बाटलीत पावडर तळाशी बसते, हलवता ना?" मी आपली एकदा उलटीसुलटी करायचो. त्यानं ती दाराच्या चौकटीवर आपटली, अर्धा मिनिट दणादण हलवली, थेंब टाकल्यावर नळी पुन्हा मिनिटभर. पाच मिनिटांत लालभडक! लिटरला 80 मिलिग्रॅम की 160, एवढाच वाद उरला.

पाणी बदललं, रंग तसाच. शेवटी बोअरचंच पाणी नळीत घेतलं, तर तेही 40 च्या वर. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, आणि आमचा बोअर गोठ्यापासून वीस पावलांवर, उकिरडा त्याहून जवळ. तिथं बोअर नको, हे मी 2011 लाच म्हटलं होतं. मोठेबाबांचं एकच, "पानी गोड हाय." नायट्रेट जिभेला कळत नाही जी! उकळूनही जात नाही, पाणी आटतं तसं वाढतंच.

तुमचं म्हणाल तर बाटली उभी धरा, तिरपी धरली की थेंब लहान-मोठा पडतो. नळी टँकच्याच पाण्यानं विसळा, रंग दिवसाउजेडी पांढऱ्या कागदावर बघा. पीएचसाठी (पाणी किती आम्ल, किती अल्कली याचा आकडा) बोअरचं पाणी काढल्या काढल्या तपासू नका, रात्रभर उघडं ठेवा. कार्बन डायऑक्साइड उडाला की आकडा चढतो. थेंबांऐवजी पाण्यात बुडवायच्या टेस्टच्या पट्ट्या मिळतात, त्या पावसाळ्यात सादळतात, घेऊच नका. (हलवायचं ते दोन बाटल्यांच्या नायट्रेट किटचं सांगतोय, बाकीच्यांची चिठ्ठी वाचा.)

आणि घरच्या किटवरून कुणाशी भांडू नका, पाण्याची बाटली भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्या. मी आधी भांडलो, मग दिली. 62 आलं. मोठेबाबांनी कागद वाचला, घडी घालून भिंतीतल्या देवळीत ठेवला. टँकमध्ये मी आता कॅनचं आरओ पाणी अर्धं मिसळतो. मोठेबाबा बोअरचंच पितात.