वाचकांचे प्रश्न : पाटलाचा चेहरा आणि पब्लिकचा हशा

या वेळच्या टपालात बरीचशी पत्रं गावाकडच्या जुन्या विनोदी मराठी सिनेमांबद्दल आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. हे सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी सांगतो, मी नाशिकच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. सिनेमाबद्दल इथं जे लिहितो ते केबिनमधून बघितलेलं असतं, आणि त्यात पडद्याइतकंच पब्लिकही येतं.

प्रश्न : काका, दिवाळीत टीव्हीवर गावाकडचा जुना विनोदी सिनेमा लागला होता. मोबाइलमधून डोकं वर न काढणारा आमचा दहावीतला मुलगासुद्धा येऊन बसला. सासूबाई पुढचं वाक्य आधीच म्हणून मोकळ्या होत होत्या, आणि सगळ्यांत जास्त त्याच हसत होत्या. तोंडपाठ झालेल्या विनोदाला माणूस पुन्हा पुन्हा का हसतो?
— एक वाचक, इंदिरानगर

ताई, केबिनच्या भिंतीला झरोके असतात. एकातून मशीनचा झोत पडद्यावर जातो, दुसऱ्यातून ऑपरेटर बघतो. नवीन सिनेमा लागला की पहिले काही खेळ आम्ही पडदा बघायचो, मग पब्लिक. पाठमोरी माणसं हसायला लागली की खांदे आधी हलतात, आवाज मागून येतो. गावाकडच्या विनोदी सिनेमाला एक गोष्ट कायम दिसायची. सिनेमा जुना होत गेला की हशा विनोदाच्या आधीच सुरू व्हायचा. नायकानं तोंड उघडायच्या आत, पाटील किंवा मास्तर किंवा नायकाची आई नुसती पडद्यावर आली की स्टॉलमध्ये खसखस पिकायची. आता या माणसाची पंचाईत होणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि त्या माणसाला मात्र त्याचा पत्ता नसायचा.

याचं मूळ तमाशात आहे. गण, गौळण झाली की बतावणी येते. तिथं एक सरदार असतो, एक सोंगाड्या. सरदार सरळ विचारतो आणि सोंगाड्या त्याच्या बोलण्याला वाकडा फाटा फोडतो. सरदार दरडावतो, "मी कोण आहे ठाऊक आहे का तुला?" सोंगाड्या लोकांकडे वळतो, "अवो, ह्यांच्या घरी कुणीतरी सांगावा धाडा, ह्यांना सोताचं नावबी आठवंना!" वाक्य सोंगाड्याचं, पण लोक हसतात ते सरदाराच्या तोंडाकडे बघून. सरदारच हसला तर बतावणी तिथंच मेली.

सिनेमानं ही जोडी जशीच्या तशी उचलली आणि सरदाराची जागा घरातल्या-गावातल्या वडीलधाऱ्यांना दिली. 'सोंगाड्या' (१९७१) घ्या. दादा कोंडके त्याआधी वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यातून गाजलेले, आणि 'सोंगाड्या'चं लेखनही सबनिसांचंच. म्हणजे बतावणी ज्यांच्या हाडीमाशी होती त्यांनीच हा सिनेमा घडवला. त्यात सरदाराची जागा नायकाच्या आईला आहे. रत्नमालाबाईंनी ती 'आये' करताना विनोद करायचा म्हणून कुठं काही केलं नाही. पोराच्या खुळेपणाचा तिला आलेला संताप खरा, त्याची काळजीही खरी. समोर नायक नम्या झालेल्या दादांची ती भाबडी, भिरभिरती नजर. आये जितकी खरी, तितका नम्या हसवतो. माझं तर स्पष्ट मत आहे की दादांच्या यशातला मोठा वाटा रत्नमालाबाईंचा आहे, आणि तो त्यांच्या पदरात पुरेसा पडला नाही.

वाक्य पाठ होतं, ताई. पण समोरच्याचा पडलेला चेहरा प्रत्येक वेळी नव्यानं बघावासा वाटतो. तुमच्या सासूबाई वाक्य आधी म्हणतात, कारण त्यांना त्या चेहऱ्याकडे बघायला मोकळं व्हायचं असतं.

अजून एक कारण आहे, ते मशीन चालवणाऱ्याला चटकन कळतं. नाटकात नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. रिळाला थांबता येत नाही. विनोदी वाक्याला लागून कामाचं वाक्य आलं की ते हशात बुडतं, आणि मग अर्धं थिएटर शेजाऱ्याला विचारतं, "काय म्हणाला, काय म्हणाला?" गावाकडचे सिनेमे करणाऱ्या जाणत्या लोकांनी हशाला जागा ठेवली. वाक्य झालं की पाटलाचा चेहरा, मग अंगणातून पळणारी कोंबडी, ढोलकीची एक थाप, ओट्यावर तंबाखू मळता मळता थांबलेला म्हाताऱ्याचा अंगठा. एवढ्यात हशा चढतो, उतरतो आणि गोष्ट पुढं निघते. घरी टीव्हीसमोर ती जागा तशीच शिल्लक असते. तेवढ्यात सासूबाई तुमच्याकडे बघतात, तुम्ही मुलाकडे बघता. मुलाला मोबाइल बाजूला ठेवावासा वाटला तो त्या दोन-तीन सेकंदांत, असं मला वाटतं.

आमच्याकडे येणाऱ्या प्रिंटा आधी मोठ्या शहरांत फिरून थकलेल्या असायच्या. रिळाच्या टोकाटोकांना जोड, आणि जोडात वाक्यं गेलेली. पडद्यावर चित्र उडी मारायचं तेव्हा स्टॉलमधून कुणीतरी ते गेलेलं वाक्य खच्चून ओरडायचं, आणि हशा जिथं पडायचा तिथंच पडायचा. सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधली पहिली पाळी सुटलेली मंडळी संध्याकाळच्या खेळाला असायची. कुणी पेठ-सुरगाण्याचं, कुणी बागलाणचं, कुणी येवल्याकडचं. खोली भाड्याची, घरचे गावी. त्यांना दोन अडीच तास ओटा, पार, चावडी आणि कुणाच्याही घरात न विचारता शिरणारी माणसं बघायला मिळायची. मुंबईत गिरणगावानं हे सिनेमे डोक्यावर घेतले त्याचंही कारण हेच असणार. खुद्द दादा लालबागचे. गाव सोडून आलेल्यांसाठी गाव सोडून आलेल्यांनीच रंगवलेलं ते गाव होतं.

प्रश्न : या सिनेमांना कौटुंबिक म्हणावं का? संवाद द्व्यर्थी, बाईमाणसावर विनोद. मुलींना घेऊन बघताना मला अवघडायला होतं.
— एक शिक्षक, निफाड तालुका

गुरुजी, तुमचं अवघडणं मी उडवून लावणार नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात.

द्व्यर्थी बोलणं गावच्या घरात नवं नव्हतं. हळदीची गाणी आठवा, विहिणी एकमेकींना गाण्यातून काय काय सुनावतात ते आठवा, दीर-भावजयीची थट्टा आठवा. ते बोलायलाही नातं आणि निमित्त लागायचं. दादांच्या सुरुवातीच्या सिनेमांत हे भान आहे. बोलणारा भाबडा राहतो, अर्थ ऐकणारा लावतो. मॅटिनीला बायका घोळक्यानं यायच्या आणि मनमोकळ्या हसायच्या, हे मी झरोक्यातून बघितलंय. पुढंपुढं नातंही गेलं, निमित्तही गेलं, आणि वाक्यासाठी प्रसंग जुळवायला सुरुवात झाली. तिथं मला स्वतःला ते सिनेमे कमी आवडतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ज्याला उलट उत्तर द्यायची मुभा नाही अशा माणसावरचा विनोद. सावळी मुलगी, तोतरं बोलणारा पोरगा, नवऱ्याचा मार खाणारी बायको. असे प्रसंग या सिनेमांत आहेत आणि ते वाईटच आहेत. मुलींसमोर टीव्ही बंद करू नका, पण तिथं थांबून बोला.

आणि मग त्यांना रंजना दाखवा. गावाकडच्या विनोदी सिनेमातली बाई ठसक्यात उत्तर देते, अंगावर आलेल्याला तोंडघशी पाडते, आणि तरी तिच्या डोळ्यांतलं पाणीही खरं वाटतं, हे रंजनाबाईंइतकं कुणाला जमलं नाही. 'बिनकामाचा नवरा' (१९८४) मध्ये अशोक सराफांसमोर त्या उभ्या राहतात तेव्हा सरदार कोण आणि सोंगाड्या कोण हे क्षणाक्षणाला बदलतं. १९८७ च्या अपघातानं त्यांचं काम थांबलं, आणि या प्रकारच्या सिनेमातली बाईच्या वाट्याची बतावणी जवळजवळ थांबली. त्यांच्यानंतरच्या कितीतरी सिनेमांत नायिका नुसती लाजत उभी असते.

निळू फुल्यांबद्दलही तुम्ही ओझरतं लिहिलंय, की मुलं त्यांना फक्त खलनायक समजतात. 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) मधला त्यांचा झेलेअण्णा मुलांना दाखवा. शंकर पाटलांची कथा, अनंत माने यांचं दिग्दर्शन. भीती आणि हसू एकाच माणसाकडे बघून कसं येतं ते त्यात कळतं.

प्रश्न : सिनेमातलं गाव कायम कोल्हापूर-साताऱ्याकडचंच का बोलतं? आम्ही अहिराणी बोलणारे. आमच्याकडे काय विनोद नाही?
— एक वाचक, सटाणा

भाऊ, तक्रार रास्त आहे. मराठी सिनेमाचं घर बराच काळ कोल्हापुरात होतं. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ तिथं, बाहेरचं चित्रीकरण पन्हाळ्याच्या आसपास, छोट्या भूमिका करणारी माणसं तिथलीच. लेखकही त्याच पट्ट्यातले. शंकर पाटील पट्टणकोडोलीचे, व्यंकटेश माडगूळकर माडगूळचे, द. मा. मिरासदार अकलूजचे. या तिघांनी कथाकथनानं महाराष्ट्राला गावाकडची गोष्ट ऐकायची सवय लावली, आणि त्या गोष्टीबरोबर त्यांचा हेलही कानात बसला. मग नाशिकचा नटसुद्धा धोतर नेसला की "काय वो पाव्हनं" करायला लागला.

आपल्याकडे विनोद कमी नव्हता. खानदेशी तमाशाचे फड यात्रांमधून हसवतच होते, फक्त त्यांच्यापर्यंत कॅमेरा पोचला नाही. मालेगावच्या पोरांनी हौसेनं कॅमेरा हातात घेतला, 'मालेगाव के शोले' काढला, आणि आज तिथले विनोदी व्हिडिओ देशभर बघतात. पण एका अहिराणी घराची पूर्ण गोष्ट, सासू, जाऊबाई, बांधावरून भांडणारा चुलता, कांद्याच्या चाळीत लपलेलं पोरगं, अशी मोठ्या पडद्यावर बघायची माझी इच्छा आहे. सटाण्याच्या बाजारात अर्धा तास उभं राहिलं तर अर्धे संवाद आयते मिळतील. कुणी लिहीत असेल तर मला जरूर कळवा.

प्रश्न : नातू दहा वर्षांचा, शहरात वाढलेला. सुरुवात कशापासून करू?
— एक आजोबा, गंगापूर रोड

'एक डाव भुताचा' (१९८२). मिरासदारांचं लेखन, दिलीप प्रभावळकरांचा भित्रा मास्तर आणि अशोक सराफांचं भूत. मुलांना भूत हवंच असतं, आणि हे भूत मास्तरपेक्षा शहाणं आहे. नंतर 'वळू' (२००८). मोकाट सुटलेला डुरक्या बैल पकडायला वनखात्याचा साहेब येतो आणि अख्खं गाव आपापलं म्हणणं घेऊन त्याच्या मागं लागतं. सरदार आणि सोंगाड्याची जोडी नव्या काळातही कशी चालते ते त्यात दिसतं. फक्त आता सरदार एकटा साहेब आणि सोंगाड्या सगळं गाव. दुपारी जेवणानंतर लावू नका, नातू झोपेल.

प्रश्न : विनोदी सिनेमाशी आपल्या नाशिकचा काही संबंध?
— एक विद्यार्थिनी, पंचवटी

अगदी मुळाशी आहे, बेटा. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला. 'राजा हरिश्चंद्र'नंतर १९१३ मध्येच ते मुंबईहून नाशिकला आले आणि 'मोहिनी भस्मासुर' इथं काढला. १९१४ च्या जानेवारीत तो दाखवला गेला तेव्हा त्याच्या जोडीला 'पिठाचे पंजे' नावाचा छोटासा विनोदी चित्रपटही होता. म्हणजे आपला सिनेमा अजून मुका होता तेव्हाच नाशिकनं त्याला हसवायला शिकवलं. पांडवलेण्याच्या पायथ्याच्या फाळके स्मारकात वर्गमैत्रिणींना घेऊन गेलीस तर हे त्यांना सांग.

प्रश्न : आमचं मंडळ यात्रेत मोकळ्या मैदानात पडदा लावून जुना विनोदी सिनेमा दाखवणार आहे. काय काळजी घ्यावी?
— तरुण मंडळाचा कार्यकर्ता, सिन्नर

वा, फार चांगलं काम हाती घेताय. तंबू टॉकीज यात्रांना यायच्या तेव्हा काही ठिकाणी पडदा मधोमध असायचा, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला गडी. उलट्या बाजूच्यांना नावं उलटी दिसायची, पण कुणाचं काही अडत नव्हतं. तुम्ही मात्र सगळ्यांना एकाच बाजूला बसवा, घरंच्या घरं एकत्र. हशा घराघरातून उठला तरच तो मैदानभर पसरतो.

सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी आधी घ्या. यूट्यूबवरची धूसर प्रत लावू नका, त्यात बऱ्याचदा गाणी कापलेली असतात आणि मधे जाहिराती येतात. आवाजाला दोनच मोठे कर्णे पुढं ठेवू नका. चार लहान स्पीकर मैदानाच्या कडेनं लावा, म्हणजे मागच्या म्हाताऱ्यांना शब्द कळतील. विनोदी सिनेमात शब्द गेला की सगळंच गेलं. देवळातला लाउडस्पीकर तेवढा वेळ बंद ठेवायला पुजाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पडदा पूर्ण अंधार पडल्यावरच सुरू करा, पाहुणे आणि सत्कार आधी उरकून घ्या. मध्यंतर ठेवा, चहा-भजीवाल्यांचाही धंदा होऊ दे. आणि हशा आला म्हणून कुणी उत्साहानं आवाज वाढवायला गेलं तर त्याला अडवा. त्या सिनेमावाल्यांनी हशाला जागा ठेवलेली आहे, ती तशीच राहू द्या.